आईच्या फोटोला रंग

मी चित्रकला शिकवते. आळेफाट्याजवळच्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं झाली. मुलांकडून मडकी, केळी, डोंगरामागचा सूर्य काढून घ्यायचा, परीक्षेला बसणाऱ्यांना छायाप्रकाश शिकवायचा आणि कुणी शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर जाऊन बसायचं, असं माझं काम. डिप्लोमा करताना 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' हा शब्द मी घोकून पाठ केला होता. पेपरात त्यावर टीप लिहिली, चांगले मार्क पडले. पण त्या पद्धतीचं एकही चित्र मी तोवर रंगात पाहिलेलं नव्हतं, कारण आमच्या पुस्तकातली सगळी चित्रं काळीपांढरी आणि डागाळलेली छापलेली होती.

दोनेक वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात तसं एक चित्र मोबाईलवर समोर आलं. एका परदेशी चित्रकारानं काढलेलं त्याच्या आईचं चित्र. म्हातारी बाई, डोक्यावर टोपी, मागं सगळं हिरवं आणि त्या हिरव्याची झाक चेहऱ्यावरही आलेली. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की तो आईपासून लांब राहत होता, त्याच्याकडं तिचा काळापांढरा फोटो आला, आणि तो बिनरंगाचा फोटो त्याला बघवेना म्हणून त्यानं आठवणीतले रंग घालून हे चित्र काढलं. मग त्या पुढच्या चित्राकडं वळल्या. मी मात्र तिथंच राहिले. त्या दिवशीचं पुढचं काहीच माझ्या लक्षात नाही.

माझ्या आईचाही एकच फोटो आहे, काळापांढरा. निमगाव सावाला वडिलांच्या घरात, मधल्या खोलीच्या दारावर तो लावलेला आहे. मी दोन वर्षांची असताना ती दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मला तिचं काही म्हणजे काहीच आठवत नाही. फोटोत डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी आहे, मुलगीच म्हणायची, आणि ती कॅमेऱ्याकडं न बघता थोडी बाजूला बघतेय. आता मी पन्नाशीत आहे. त्या मुलीला आई म्हणताना गेली काही वर्षं मला अवघडल्यासारखं व्हायचं, कारण माझी स्वतःची मुलगी तिच्यापेक्षा मोठी झाली.

मला वाढवलं ते दुसऱ्या आईनं. तिला मी बाई म्हणते. बाई या घरात आली तेव्हा रीतीप्रमाणं तिच्या गळ्यात सवतीचा चांदीचा टाक घातला होता. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, जिला नाक-डोळे म्हणून नुसते ठिपके. लहानपणी बाईच्या मांडीवर बसून मी तो टाक चघळायचे, आणि बाई म्हणायची, ती तुझी आई हाय, चावू नको. म्हणजे माझ्या आईची दोन चित्रं घरात होती. एकाला चेहरा नव्हता. दुसऱ्याला रंग नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी निमगावला गेले आणि खुर्चीवर चढून त्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेतला. काचेच्या आत ओल जाऊन डाग पडले होते. चेहरा बरा होता. डाव्या भुवईच्या मध्यावर एक बारीक पांढरी खाच दिसत होती. ती मला कागदावरचा ओरखडा वाटली.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा आता ऐंशीच्या पुढं आहेत. ऊस बघायला रोज काठी टेकत बांधापर्यंत जातात. मी त्यांना विचारलं की आई रंगानं कशी होती. ते जरा वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले आणि म्हणाले, चांगली व्हती. मी म्हटलं, तसं नाही, गोरी होती की सावळी? म्हणाले, आपल्यासारखीच. फोटोतलं लुगडं कुठल्या रंगाचं, असं विचारल्यावर त्यांनी मान वर करून फोटोकडं बघितलं आणि काळंच दिसतंय की, असं उत्तर दिलं. ते टाळत होते की त्यांना खरंच आठवत नव्हतं, ते मला कळलं नाही. बाई भाकरी थापत सगळं ऐकत होती. तिनं आईला कधी पाहिलेलं नाही, तरी ती आतूनच म्हणाली, लुगडं डाळिंबी व्हतं, सासूबाई सांगायच्या.

मी डाळिंबी धरून चालले. आळेफाट्याला आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथं कॅनव्हास लावला. शेड हिरव्या प्लास्टिक पत्र्याची, त्यामुळं खाली बसलं की आपले हातही हिरवट दिसतात. ते चित्रात किती उतरलं आणि त्या परदेशी चित्रातलं किती उतरलं, हे मला आजही वेगळं करून सांगता येणार नाही. मागं मी हिरवा भरला. चेहऱ्याला पिवळी माती, सावल्यांना हिरवा, हनुवटीखाली निळा. रंग मिसळून गुळगुळीत करायचे नाहीत, ब्रशचे छोटे छोटे फटके शेजारी शेजारी ठेवायचे, असं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा केलं. भुवईतल्या खाचेचं काय करावं हे कळेना. ओरखडाच असेल तर सोडून द्यायला हवा होता. पण तिथं काहीतरी हवंसं वाटत होतं, म्हणून एक नारिंगी फटका दिला आणि सगळा चेहरा त्यामुळं जागा झाला.

नवऱ्यानं वर येऊन बघितलं आणि सासूबाईंना कावीळ झाली होती का असं विचारलं. मला राग आला नाही. मलाही ती आजारीच वाटत होती, आणि तरी चित्रावरून नजर हलत नव्हती. मी ते चादरीत गुंडाळून निमगावला नेलं. दादांनी ते आधी लांबून, मग जवळ जाऊन बघितलं.

"ही ती न्हाई," ते म्हणाले.

रंगामुळं वेगळी वाटत असेल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, रंगाचं न्हाई. एवढं बोलून ते चहा न घेता बांधाकडं गेले. बाईनं मात्र चित्रासमोर हात जोडले आणि ही तशीच असंल, असं म्हणाली. एकजण तिच्याबरोबर संसार केलेला, तो म्हणतो ही ती नाही. एकीनं तिला कधी पाहिलं नाही, ती म्हणते हीच. मी कुणाचं धरायचं? आईला ओळखणारं आणखी कोण जिवंत आहे याचा विचार करताना मला मावशी आठवली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, एकुलती एक. आईचं माहेर आण्याला, आणि मावशीला गावातच दिलेली. निमगावहून आणे काही लांब नाही, पण आजोळशी आमचं जाणंयेणं नव्हतं. का नव्हतं ते मला कुणी सांगितलं नाही. आई नाही तर आजोळ नाही, असंच काहीतरी मी धरून चालले होते. मावशी मला आयुष्यात तीन-चारदा भेटली असेल, तीही दुसऱ्यांच्या लग्नांत. प्रत्येक वेळी तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि काही बोलली नव्हती.

मी एका रविवारी चित्र गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं आणि घाट चढून आण्याला गेले. पठारावर वारा होता. मावशीच्या घरापुढं हुलगे वाळत घातले होते आणि ती एका हातानं कोंबड्या हाकलत दुसऱ्या हातानं डोळ्यांवर सावली धरून, कोण आलंय ते बघत होती. ओळखल्यावर तिनं नेहमीसारखा माझा हात धरला. पाणी झालं, चहा झाला. सूनबाईशी बोलणं झालं. मग मी चादर सोडून चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हटलं, मावशी, बघ बरं ओळख पटते का.

मावशी चित्राकडं बघून हसली. अगदी सहज, लाजल्यासारखी.

"माझं कशापायी काढलंस गं बाय?"

मला वाटलं तिला नीट दिसत नसेल. मी म्हटलं, हे आईचं आहे, आमच्या घरातल्या फोटोवरून काढलंय. आणि मोबाईलमधला फोटो मोठा करून तिच्यापुढं धरला. ती चष्मा आणायला आत गेली. फोटो तिनं बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून डाव्या भुवईवर बोट ठेवलं आणि मला जवळ ये म्हणाली. लहानपणी बैलगाडीतून पडून तिथं खोक पडली होती, म्हणे, आणि त्या जागी केस कधी आले नाहीत. मी बघितलं. तिच्या भुवया आता इतक्या विरळ झाल्यात आणि सुरकुत्या इतक्या आहेत की, तिथं एक पांढरी रेघ आहेही असं वाटलं आणि नाहीही.

मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगते.

आई गेली त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी निमगावहून निरोप आला की धाकटीला द्या. पोर सांभाळायला घरचंच माणूस बरं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मावशी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. निमगावच्या थोरल्या माणसांनी तिला मोठी झाल्यावर पाहिलेलं नव्हतं म्हणून फोटो मागितला. आजीनं तिला जुन्नरला स्टुडिओत नेलं. अंगावर घालायला धड लुगडं नव्हतं, म्हणून आईचं, ती गेल्यावर माघारी आलेलं, पेटीतून काढून तिला नेसवलं. फोटोवाला समोर बघ म्हणत होता, पण तिला रडू येत होतं, म्हणून ती बाजूला बघत राहिली. फोटो निमगावला गेला. त्यानंतर तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नाही म्हणून कळवलं. दादांकडच्यांना तो अपमान वाटला. येणंजाणं बंद झालं ते तेव्हापासून. फोटो कुणी परत मागितला नाही.

मी ऐकत होते, पण माझं मन एकाच ठिकाणी अडकलं होतं. दोन वर्षांची पोर होती, आणि तिला सांभाळायला येणार नाही असं कुणीतरी दोन दिवस उपाशी राहून सांगितलं होतं. ती पोर मी होते. मला राग यायला हवा होता का? मी समोर बसलेल्या म्हातारीकडं बघत होते आणि मला तिची कीव येत होती. स्वतःची येत होती की काय तेही कळत नव्हतं. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"मला तू नको नव्हतीस," मावशी म्हणाली. "मला त्यो नको व्हता. आन् हे मी कुणाला सांगायचं व्हतं? तुला सांगायला तू बोलत बी नव्हतीस अजून."

सूनबाई उठून आत गेली. मी लुगड्याचा रंग विचारला. डाळिंबी ना, असं म्हटलं. मावशी म्हणाली, न्हाई, मोरपिशी, तुझ्या आईचं सगळ्यात आवडतं. मग ती आईविषयी बोलायला लागली. इतकी वर्षं साठवून ठेवल्यासारखी बोलली. आई सावळी होती. हसली की वरची हिरडी दिसायची, म्हणून पदर तोंडावर धरून हसायची. डावरी होती, भाकरीसुद्धा डाव्या हातानं थापायची आणि आजी त्यावरून तिला बोलायची. मी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. माझा खडू, ब्रश, सुई सगळं डाव्या हातात असतं, आणि हे कुठून आलं असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. दादाही नाही.

निघताना मावशीनं विचारलं की हे चित्र इथं राहू देशील का. मी हो म्हटलं. मला ते गाडीत घालून परत न्यावंसं वाटत नव्हतं.

तिथून मी सरळ निमगावला गेले. बाई शेजारी गेली होती, म्हणून बोलणं सोपं झालं. दादा ओट्यावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि फोटो कुणाचा आहे ते विचारलं. ते म्हणाले की घरात दोन फोटो होते. एक आईचा, लग्नानंतर जत्रेत काढलेला, लहान. दुसरा तो स्थळाचा. वर्षश्राद्धाला फोटो मोठा करून आणायचं ठरलं तेव्हा त्यांच्या आईनं पेटीतून काढून एक दिला. कुठला दिला ते त्यांनी पाहिलं नाही. दुसरा पुढं कुठं गेला तेही त्यांना माहीत नाही.

"पण मोठा होऊन आल्यावर तर पाहिलात ना, दादा?"

"पाहिला."

"मग?"

"मला तीच वाटली," दादा म्हणाले. "दोघी सारख्याच दिसायच्या. आन् आता तिचं तोंड आठवाया गेलं की ह्यो फोटोच येतोय डोळ्यापुढं. दुसरं काय येतच न्हाई."

मी विचारलं, मग माझं चित्र बघून ही ती न्हाई असं का म्हणालात? ते म्हणाले, ते त्यांनाही सांगता येणार नाही. चित्र बघितलं आणि तसं वाटलं. मग त्यांनी खाली बघत सांगितलं की बाईला यातलं काही बोलू नकोस. ती रोज त्या फोटोला फूल वाहते.

मी बोलले नाही. पण पुढच्या वेळी गेले तेव्हा बाई तो फोटो खाली उतरवून ओल्या फडक्यानं काच पुसत होती. मला बघून तिनं विचारलं, आण्याची मावशी बरी हाय का? इतक्या वर्षांत तिनं मावशीचं नाव कधी काढलं नव्हतं. मी बरी आहे म्हटलं. तिनं फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला, मागं सरून तिरका तर नाही ना ते पाहिलं आणि फूल लावलं. तिला माहीत आहे की नाही, कधीपासून माहीत आहे, की मी मावशीकडं गेले होते हे कळल्यावर तिनं नुसतं रीतीचं विचारलं, यातलं काहीच मला ओळखता आलं नाही. तिच्या गळ्यातला टाक झिजून आता गुळगुळीत झालाय, आणि त्यावर एका बाईची आकृती उठवलेली होती हे माहीत नसणाऱ्याला कळणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरा कॅनव्हास लावला. या वेळी शेडमध्ये बसले नाही, गच्चीच्या उघड्या बाजूला बसले. मोरपिशी लुगडं आधी भरलं, कारण तेवढं एक पक्कं वाटत होतं. मग डावा हात, परातीवर थापलेला. तो मला कुठं न बघताही काढता आला. चेहऱ्यासाठी गेरू, जांभळा आणि थोडा निळा मिसळून सावळा रंग केला, आणि हसण्याशी येऊन थांबले. हिरडी दाखवायची की पदर तोंडावर आणायचा? पदर आणला तर काम सोपं होत होतं, आणि म्हणूनच तसं करवेना.

मी मावशीला फोन लावला. तिकडं वारा खूप होता, तिला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. मी म्हटलं, आईचा रंग नक्की कसा सावळा, माझ्यासारखा की तुझ्यासारखा? मावशी म्हणाली, सावळी मी. ती गोरी व्हती की, लई गोरी. मी म्हटलं, त्या दिवशी तू सावळी म्हणाली होतीस. ती म्हणाली, मी असं कसं म्हनंन, आणि सूनबाईला हाक मारून तिला विचारायला लागली. सूनबाईला आठवत नव्हतं. मग मावशीनं सांगितलं की माझं चित्र तिनं बाहेरच्या खोलीत लावलंय, आलं-गेलं माणूस विचारतं, आणि ती सांगते, ही मी हाय. कुणाला पटत नाही, म्हणाली, पण मला पटतं.

फोन ठेवल्यावर मी मिसळलेल्या रंगाकडं बघितलं. वाळायला लागला होता. त्यात मी थोडी पिवळी माती घातली, मग तेही खरं वाटेना, म्हणून पुन्हा गेरू घातला. तो कॅनव्हास अजून गच्चीवरच्या शेडमध्ये आहे. लुगडं आणि हात पुरे झालेत. चेहऱ्याच्या जागी सात-आठ वेगवेगळे रंग थोडेथोडे लावून बघितलेले आहेत, कुठलाही पुसलेला नाही. शाळेतून आले की मी वर जाते, ब्रश भिजवते, कधी एखादा फटका देते, आणि बऱ्याचदा नुसतीच बसते.